वाफेचं मॉडेल इंजिन अडून बसलं तर दोष कसा शोधायचा

इंजिन चालेना की हात सगळ्यात आधी व्हॉल्व्हच्या सेटिंगकडे जातो. शाफ्टवरच्या ज्या चकतीमुळे व्हॉल्व्ह पुढेमागे हलतो त्या एक्सेंट्रिकचा स्क्रू सैल करायचा, थोडा फिरवायचा, परत आवळायचा. आणि एवढं करून जी एक गोष्ट बरोबर होती तीही बिघडवून ठेवायची. खरं तर मॉडेल इंजिनाचे बहुतेक आजार चारच. कुठेतरी अडकतंय, कुठेतरी गळतंय, वाफ चुकीच्या क्षणी आत शिरतेय किंवा पुरेशी कोरडी वाफच मिळत नाहीये. तपासायचं ते याच क्रमाने. इंजिन जड फिरत असेल तर ते हलवायलाच इतका दाब लागतो की गळती त्यात लपून जाते, आणि गळती असेल तर टायमिंग (वाफ आत-बाहेर जाण्याची वेळ) बरोबर असूनही चुकल्यासारखं वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी टोकदार सुईने मूळ जागेची बारीक खूण करा. ही खूण अनेकदा अख्खी संध्याकाळ वाचवते.

आधी बॉयलर बाजूला ठेवा

बॉयलर आणि इंजिन एकत्र जोडलेलं असताना दोष कोणाचा, हे ओळखणं अवघड. म्हणून पाइप सोडवून दोघांना वेगळं करा. इंजिनाची परीक्षा हवेवर होईल, बॉयलरची नंतर.

बॉयलरबद्दल तीन गोष्टी मात्र आत्ताच. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी बोटाने उचलून सोडली की ती स्प्रिंगने खटकन परत बसली पाहिजे. चिकटली असेल तर ती मोकळी होईपर्यंत आग पेटवायची नाही. इंजिनाला जोर यावा म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळायची, हा विचारही नको. आणि जुना, कुठून आला ते माहीत नसलेला बॉयलर असेल तर आधी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्या: काठोकाठ पाणी भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट. नव्या बॉयलरला दुप्पट. पाण्याने भरलेला बॉयलर फुटला तर ठिबकतो. हवेने भरलेला फुटला तर तुकडे उडतात. त्यामुळे हवा फक्त इंजिनासाठी, बॉयलरसाठी कधीच नाही.

हाताने फिरवून पाहा

फ्लायव्हील दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवा, एक पूर्ण फेरी मिनिटभर घेतली तरी चालेल. जोर किती लागतो यापेक्षा तो कुठे लागतो याकडे लक्ष द्या.

सगळी फेरी सारखीच जड असेल तर बहुधा ग्लँड (पिस्टन रॉडभोवतीचं वाफ अडवणारं पॅकिंग दाबून धरणारा भाग) जास्त आवळलेला असतो किंवा आतलं जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. ग्लँडची नट बोटाने फिरेल इतकी सैल करा आणि पुन्हा फिरवा. लगेच हलकं वाटलं तर दोष सापडला. नाही वाटलं तर वाफेच्या नळीतून थोडं रॉकेल सोडा, इंजिन पंधरा-वीस वेळा पुढेमागे फिरवा, तासभर मुरू द्या आणि निथळून टाका. खाद्यतेल घातलेली इंजिनं तर हमखास अशी चिकटतात. रॉकेलनंतर ताजं तेल द्यायला विसरू नका, आणि रॉकेलचा वास असेपर्यंत आगीजवळ नेऊ नका.

फेरीत एकाच ठिकाणी जड जात असेल तर क्रँकशाफ्ट वाकलेला असतो, नाहीतर क्रँकपिन शाफ्टला समांतर नसते. कनेक्टिंग रॉड पिस्टनच्या बाजूने सोडवून नुसता शाफ्ट फिरवून पाहिला की कळतं. शाफ्ट एकटा मोकळा फिरला तर अडचण पिस्टन, क्रॉसहेड (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता भाग) किंवा रॉडच्या सरळपणाची.

एका टोकाला टक् असा कडक अडथळा लागत असेल तर पिस्टन झाकणावर आपटतोय. पिस्टन रॉडवर पेन्सिलने दोन खुणा करा: क्रँक जोडलेला असताना पिस्टन टोकाला जिथे थांबतो ती एक, आणि क्रँक सोडवून झाकणाला टेकेपर्यंत ढकलल्यावरची दुसरी. दोन्हींत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर हवं, आणि दोन्ही टोकांना जवळपास सारखं.

हवा द्या

एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर उत्तम. तो नसेल तर सायकलचा पंप आणि मध्ये हवा साठवायला जुनी ट्यूब. नीट चालणारं छोटं इंजिन ०.३ ते ०.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) सावकाश, न अडखळता फिरतं. एका बारच्या वर दाब नेऊन जबरदस्ती फिरवण्यात अर्थ नाही; दोष फक्त झाकला जातो. हवेला वंगण नसतं, म्हणून आधी सिलिंडरमध्ये दोन थेंब तेल टाका.

एका बाजूनेच काम करणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनाला फ्लायव्हीलला झटका द्यावाच लागतो. अर्धी फेरी ते नुसत्या वेगावर काढतं, म्हणून आपणहून सुरू झालं नाही तर तो दोष धरू नका.

गळती: पाण्याचा ग्लास घ्या

स्लाइड व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी (ज्यात सपाट व्हॉल्व्ह सरकून वाफेच्या वाटा उघडतो-झाकतो) ही चाचणी साधी आहे आणि खोटं बोलत नाही. एक्झॉस्टला रबरी नळी लावा आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. फ्लायव्हील फिरवून व्हॉल्व्ह त्याच्या चालीच्या बरोबर मध्यावर आणा. इथे दोन्ही पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या दोन टोकांना जाणाऱ्या वाफेच्या वाटा, झाकलेले असतात. आता ०.३ बार हवा द्या. तुरळक बुडबुडे आले तर ठीक. सलग धार लागली तर हवा व्हॉल्व्हखालून थेट एक्झॉस्टला जातेय.

मग क्रँक साधारण मध्य-स्ट्रोकला (पिस्टन चालीच्या मध्यावर) आणा, म्हणजे एक पोर्ट उघडा राहील, आणि फ्लायव्हील लाकडाच्या ठोकळ्याने अडवून ठेवा. मघाशी बुडबुडे नव्हते आणि आता आले तर गळती पिस्टनची. पिस्टनच्या दुसऱ्या बाजूसाठीही हेच करा. ग्लँडवर आणि झाकणाच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बाहेरची गळती फुग्यांनी दिसते.

व्हॉल्व्ह गळत असेल तर पॉलिश पेपर काढण्याआधी एक गोष्ट पाहा. चेस्टचं (व्हॉल्व्ह ज्या पेटीत असतो तिचं) झाकण उघडून व्हॉल्व्ह दोन बोटांत धरा आणि सीटपासून, म्हणजे तो ज्या सपाट पृष्ठभागावर सरकतो तिथून, किंचित उचलून पाहा. तो मोकळा उचलला जाऊन परत सपाट बसायला हवा. पुढेमागे मात्र ढिलाई नको. स्लाइड व्हॉल्व्ह वाफेच्या दाबानेच सीटवर बसतो. रॉडवरच्या नटने तो घट्ट पकडून ठेवला असेल किंवा रॉड जरासा वाकलेला असेल तर व्हॉल्व्हची एक कड कायम अधांतरी राहते. अशा वेळी कितीही घासलं तरी गळती जाणार नाही. उलट, व्हॉल्व्ह मोकळा असेल तर सुरुवातीला क्षणभर फुस्स होऊन मग तो बसणं हे स्वाभाविक आहे. रेग्युलेटर (वाफ सोडायचा कॉक) अगदी हळू उघडला तर ही फुसफुस लांबते. जरा झटक्यात उघडला की लगेच थांबते.

घासायची वेळ आलीच तर जाड काचेवर १००० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवा, वर तेलाचे दोन थेंब, आणि व्हॉल्व्ह आठच्या आकड्यात फिरवा. बोट मध्यभागी, दाब नाममात्र. आधी पृष्ठभागावर मार्करने रंग द्या. रंग सगळीकडून गेला म्हणजे सपाट झाला. सीटसाठी छोट्या सपाट पट्टीवर पेपर चिकटवून तसंच करा. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट वापरू नका. तिचे कण पितळेत रुतून बसतात आणि पुढे इंजिन चालताना घासत राहतात. शेवटी सगळं रॉकेलने दोनदा धुवा.

पिस्टन गळत असेल तर ग्राफाइट लावलेली दोरी किंवा ओ-रिंग बदला. नवी रिंग बसवल्यावर पिस्टन स्वतःच्या वजनाने बोअरमधून (सिलिंडरच्या आतल्या पोकळीतून) खाली घसरू नये, पण बोटाने सहज ढकलला जावा. साधी नायट्राइल रिंग वाफेच्या तापमानाला लवकर कडक होते, व्हिटॉनची टिकते.

आणि इंजिन नुकतंच उघडून परत जोडलेलं असेल तर गॅस्केट तपासा. गॅस्केटमध्ये वाफेच्या वाटेचं भोक कापायचं राहून गेलेलं असणं ही चूक इतकी नेहमीची आहे की ती पहिल्यांदाच पाहावी. तशीच दुसरी: छोट्या सिलिंडरच्या झाकणाचा आत शिरणारा भाग पोर्टसमोर खाचलेला असतो. झाकण फिरवून बसवलं तर स्क्रूची भोकं बरोबर जुळतात आणि वाफेची वाट मात्र बंद होते. एक्झॉस्टचा ठोका फेरीत दोनऐवजी एकदाच येत असेल तर या दोन जागा आधी बघा.

आता टायमिंग

इथवर सगळं ठीक असेल आणि तरीही इंजिन अडखळत असेल, किंवा उलट्या दिशेला जास्त खुशीत फिरत असेल, तरच एक्सेंट्रिकला हात लावा.

पहिलं काम व्हॉल्व्ह मध्यावर आणण्याचं. एक्सेंट्रिकचा स्क्रू सैल करून नुसता एक्सेंट्रिक शाफ्टवर फिरवा आणि दोन्ही टोकांना पोर्ट किती उघडतो ते मोजा. समजा पुढचा १ मिलिमीटर उघडतो आणि मागचा ०.५. फरक ०.५ चा आहे, पण व्हॉल्व्ह सरकवायचा त्याच्या निम्मा, म्हणजे ०.२५. एम३ (३ मिलिमीटर जाडीच्या) रॉडच्या आट्यांचा पिच ०.५ मिलिमीटर असतो, म्हणजे रॉड अर्धा फेरा फिरवायचा. इथे बरेच जण पूर्ण फेरा फिरवतात आणि चूक दुसऱ्या बाजूला जाते.

दुसरं, क्रँक नेमका डेड सेंटरला (पिस्टन अगदी टोकाला असतो त्या जागी) आणणं. इथे डोळ्यावर भरवसा नको, कारण टोकाजवळ क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जवळपास हलत नाही. क्रॉसहेडच्या वाटेवर टोकापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे एक रेघ मारा. जाताना क्रॉसहेड रेघेवर आला की फ्लायव्हीलवर स्थिर सुईसमोर खूण करा, परत येताना पुन्हा रेघेवर आला की दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे डेड सेंटर.

तिसरं, क्रँक तिथेच धरून एक्सेंट्रिक चालण्याच्या दिशेने पुढे फिरवा. पिस्टन ज्या टोकाला आहे त्या टोकाचा पोर्ट केसभर उघडू लागला की थांबा आणि स्क्रू आवळा. पातळ कागदाची पट्टी कडेला अडकते की आत शिरते यावरून हे बोटांना कळतं. मग क्रँक दुसऱ्या डेड सेंटरला नेऊन तिथेही तेवढीच फट आहे ना ते पाहा. एक्सेंट्रिक क्रँकच्या पुढे ९० अंश आणि वर थोडा जास्त असा दिसायला हवा. मध्ये रॉकर (चाल उलटवणारी दांडी) असेल तर हे सगळं उलटं होतं, तेवढं ध्यानात ठेवा.

पोर्ट फार आधी उघडला तर इंजिन ठोके देतं आणि सावकाश चालायला नकार देतं. फार उशिरा उघडला तर चालतं, पण मरगळलेलं, आणि वाफ भरमसाट खातं.

झुलत्या सिलिंडरचं इंजिन

इथे एक्सेंट्रिकही नाही आणि स्लाइड व्हॉल्व्हही नाही. सिलिंडरच पिव्हटवर झुलतो आणि त्याच्या सपाट तोंडावरचं भोक कधी वाफेच्या तर कधी एक्झॉस्टच्या भोकासमोर येतं. त्यामुळे दोष जवळजवळ नेहमी त्या सपाट तोंडात किंवा मागच्या स्प्रिंगमध्ये. स्प्रिंग सैल असली तर दाब चढला की तोंड उचललं जातं आणि बाजूने वाफ थुंकते. घट्ट असली तर घर्षणातच सगळा जोर जातो. हवा चालू ठेवून नट इतकी सैल करा की फुसफुस सुरू होईल, मग ती थांबेपर्यंत आवळा आणि वर अर्धा फेरा द्या. तोंड चरे पडलेलं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे काचेवर घासा. क्रँक डेड सेंटरला असताना सिलिंडरचं भोक दोन्ही भोकांच्या मधल्या कोऱ्या जागेवर असलं पाहिजे. एखाद्या भोकावर ते चढत असेल तर पिव्हट किंवा भोकं मुळात चुकीच्या जागी आहेत, आणि तिथे कोणतंही सेटिंग कामाला येत नाही.

हवेवर चालतं, वाफेवर नाही

अशा वेळी तीन शक्यता.

पहिली, पाणी. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर अडतो, आणि जबरदस्ती केली तर रॉड वाकतो. ड्रेन कॉक (सिलिंडरमधलं पाणी काढायचे छोटे नळ) उघडे ठेवून, थोडीशी वाफ देत फ्लायव्हील हाताने आठ-दहा वेळा पुढेमागे हलवा. एक्झॉस्टमधून पाण्याच्या पिचकाऱ्या थांबून पांढरी वाफ येऊ लागली, सिलिंडर हात लावू न देण्याइतका तापला, की मग इंजिन चालू करा. चालू असतानाही पाणी येत राहिलं तर बॉयलर जास्त भरलाय (पाऊण भागापेक्षा वर नको) किंवा आतल्या पाण्यात तेल-साबण गेल्याने फेस होतोय. लांब, उघडा पाइपही वाफेचं पाणी करतो; त्याला सुती दोरी घट्ट गुंडाळली तरी फरक पडतो.

दुसरी, धातूचं फुगणं. १९ मिलिमीटर बोअरच्या बिडाच्या सिलिंडरमध्ये पितळी पिस्टन असेल तर १०० अंशांच्या वाढीने पिस्टन सिलिंडरपेक्षा सुमारे ०.०१५ मिलिमीटर जास्त फुगतो. त्यात पिस्टन सिलिंडरच्या आधी तापतो. थंडपणी ०.०१ ची मोकळीक ठेवून घासूनपुसून बसवलेला पिस्टन मग वाफेवर जाम होणारच. पीटीएफई (टेफ्लॉन) तर पितळेच्या सुमारे सहापट फुगतं.

तिसरी, वाफच कमी पडतेय. स्टुअर्ट १०व्ही या इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. एका स्ट्रोकला साधारण ५.४ घन सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी वाफ घेत असल्याने फेरीला १०.८. मिनिटाला ३०० फेऱ्या म्हणजे सव्वातीन लिटर वाफ. गेजवर २ बार दाब असताना एक ग्रॅम पाण्याची सुमारे ६०० घन सेंटिमीटर वाफ होते, म्हणजे मिनिटाला साडेपाच ग्रॅम पाणी. हे झालं कागदावर; थंड भिंतींवर वाफेचं पाणी होतं ते धरलं तर दुप्पट मानणं शहाणपणाचं. साडेपाच ग्रॅमलाच पाण्यात सुमारे २४० वॅट उष्णता जायला हवी, आणि छोट्या बर्नरची निम्मी उष्णता तरी बाजूने निघून जाते.

तुमचा बॉयलर किती देतो ते मोजणंही सोपं. पाणी भरून बॉयलरचं वजन करा, दाब आल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवा, थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. इंजिन जोडताक्षणी गेजचा काटा खाली येत असेल आणि वजनातला फरक वरच्या हिशोबापेक्षा बराच कमी असेल, तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही.

मग आग पाहा. स्पिरिटच्या दिव्याच्या वाती फार घट्ट कोंबल्या की स्पिरिट वर चढत नाही. नळीत वात सैल सरकली पाहिजे. ज्योत पिवळी, काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडतेय. गॅसचा जेट तुंबला तर तारेने टोचू नका, भोक मोठं होतं; सॉल्व्हंटमध्ये भिजवून उलट्या बाजूने हवा मारा. ब्युटेनची टाकी चालता चालता स्वतःच गार पडते आणि दाब घसरतो. टाकी कोमट (गरम नव्हे) पाण्याच्या ताटलीत उभी केली की ज्योत पुन्हा उभी राहते. आत क्षार चढलेल्या तांब्याच्या बॉयलरला लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट द्रावण तासभर द्या, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. पाणी संपूनही आग चालू राहिली असेल तर सांधे तपासा: साधी कथील-शिशाची झाळ १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते.

तेल

सिलिंडरला स्टीम सिलिंडर ऑइलच लागतं, ४६० च्या आसपासच्या ग्रेडचं दाट. गाडीच्या इंजिनाचं तेल पाण्यात मिसळून पांढरट लोणी बनतं आणि पोर्ट तुंबवतं. बेअरिंगना मात्र साधं पातळ मशीन ऑइल पुरतं.

वाफेचं पाणी होऊन ते तळाशी बसतं आणि तेल वर ढकलतं, एवढंच डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटरचं, म्हणजे वाफेत तेल सोडणाऱ्या डबीचं, काम. म्हणून प्रत्येक वेळी आधी तळातलं पाणी काढा, मग तेल भरा. नुसतं वरून तेल ओतलं तर आत जागाच नसते. चालवून झाल्यावर पूर्ण पाणीच निघालं आणि तेल पाच मिनिटांत संपलं असेल तर आतलं भोक मोठं आहे. पाणी अजिबात निघालं नाही तर ते बुजलंय. चालताना एक्झॉस्टसमोर कागद धरला तर त्यावर तेलाचा बारीक तपकिरी शिंतोडा दिसायला हवा.

थांबवताना बॉयलरमध्ये थोडा दाब असतानाच ड्रेन उघडून सिलिंडर फुंकून घ्या, गरम असतानाच दोन थेंब स्टीम ऑइल टाका आणि फ्लायव्हील पाच-सहा वेळा फिरवा. रात्रभर आत राहिलेल्या पाण्याने बिडाच्या बोअरला गंज धरतो, आणि पुढच्या वेळी पहिल्याच फेरीत फ्लायव्हील पुन्हा जड लागतं.